सारवलेली प्रयोगाची खोली

आमच्या गुरुजींनी माझ्या आक्काला फसवलं. ओल्या शेणाचा वास आला की आजही ते डोळ्यांपुढे येतं. परदेशातली एक बाई अंतराळात जाऊन आली, ते वर्ष. तिचा वर्तमानपत्रातला फोटो आक्कानं पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. शाळेत आठवीपासून विज्ञान मुलांना आणि गृहशास्त्र मुलींना. मी गुरुजींशी सौदा केला, की आक्का वर्षभर प्रयोगाची खोली सारवील, मग आठवीत तुम्ही तिला विज्ञानाला बसवा. "दिला शब्द," ते म्हणाले. दर शनिवारी ती सारवत राहिली. जूनमध्ये ते म्हणाले, "पोरीला कशाला विज्ञान? भाकरी फुगते, तेवढं पुरे." मी ओरडलो, "तुमी शब्द दिलाय न्हवं!" ते हसले, "दहा वर्षांच्या पोराशी कसला रे शब्द?" आक्का दारातून आत बघत होती. तिच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या जमिनीवर मुलं बसली होती. पुढं तिचं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. मी मात्र लोणावळ्यात दुकान थाटलं, भल्याभल्यांना दिल्या शब्दाला बांधून ठेवलं. तरी अंगण सारवलं की मागून तिचा आवाज येतो, "शब्द दिलता ना रं गुर्जींनी?" गुरुजी, तुम्ही अजून तळेगावात आहात. तिला काय सांगू, ते एकदा येऊन तुम्हीच सांगा.