गाव नसलेला वॉचमन

गेटजवळच्या बाकावर बसून आम्ही भाकरी खात होतो. मी आणि माझी बायको, सरू. अंबरनाथला एमआयडीसीत मी वॉचमन. ती दुपारी डबा घेऊन यायची. त्या दिवशी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आमचं सोबतचं शेवटचं जेवण ते.

तेवढ्यात एक माणूस आला. चाळिशीचा. पिशवीची चेन तुटलेली, वरून नायलॉनची दोरी. "मामा, भरती हाय का?"

हेल्पर पाहिजेत असा बोर्ड गेटवरच होता. मी नेहमीचं विचारलं, "गाव कुठलं?"

"सेलू. परभणीकडं."

"जागा भरली."

भरली नव्हती. पण मला हुकूम होता. तिकडचा असला की आत सोडायचा नाही.

सरूनं हातातला घास खाली ठेवला. सेलू तिचं माहेर. माझं गाव तिथून दोन कोसांवर. तिनं अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. "कवा निघालास रं बाबा? दुधनेला पाणी आलं का?"

भरतीचे साहेब मागंच उभे होते. इथलेच, बदलापूरला शिरगावात राहतात, बोलायला गोड. त्या माणसाला म्हणाले, "तुम्हाला घेतलं की पोळ्याला गायब. मग फोन, आजी वारली. एकेकाच्या चार-चार आज्या मरतात रे तुमच्याकडे!" हसले. माझ्याकडे वळले. "मामा, मावशी पण तिकडच्या का? बोलणं तसलंच आहे."

मी उठून उभा राहिलो. तोंडात घास तसाच. "छे साहेब. शेजारीण तिकडची आहे. तिचं ऐकून ऐकून बोलते."

"तेच म्हटलं. मामा आपले इथलेच, सोनिवलीचे. म्हणून तर टिकले."

सरूनं डबा बंद केला. निम्मं जेवण आत तसंच. "येते," म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर ती माझ्यासोबत जेवायला बसली नाही. तीन दिवसांनी चहा गाळताना पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

मी सोनिवलीचा नाही. तरुणपणी आलो तेव्हा तिथल्या वीटभट्टीवर दोन हंगाम काढले, एवढंच. मग ह्याच गेटवर रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्यानं गाव सांगितलं, जिंतूर. ठेकेदारानं दंडाला धरून बाजूला काढला. "गाववाला नको. गाव असलं की माणूस पळतो." माझी पाळी आली. मी म्हणालो, सोनिवली. खिशात भट्टीवाल्याची चिठ्ठी होती, ती दाखवली. आत घेतलं.

तेव्हापासून मला गाव नाही. पोळा नाही, जत्रा नाही. आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. सुट्टी कशी मागणार? सोनिवलीच्या माणसाची आई परभणीला कशी मरेल? भावानं अग्नी दिला. सरूला ताकीद होती, गेटवर तोंड उघडायचं नाही, माझी नोकरी जाईल. इतकी वर्षं ती इथं मुकी बसली.

म्हातारपणी मला गेटवर बसवलं आणि तोच प्रश्न माझ्या तोंडी दिला. मी पण विचारत राहिलो. पोटासाठी, असं म्हणायचो. खरं सांगू? बरं वाटायचं. मी आतला, हे बाहेरचे.

राख सावडली त्याच दिवशी साहेबांकडं गेलो. अस्थींचं गाडगं खोलीमागच्या उंबराला बांधलेलं. सरू म्हणायची, मला गंगाखेडला गोदावरीत सोडा, माझी माय तिथंच गेली. साहेबांना म्हटलं, चार दिवस सुट्टी द्या. अस्थी घेऊन गंगाखेडला जायचंय.

"गंगाखेड?" साहेब खरंच गोंधळले. "अहो, उल्हास नदी तुमच्या सोनिवलीजवळ आहे. तिथं सोडा, दुपारी ड्युटीवर या." खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही पण तिकडच्यांसारखं करायला लागलात, मामा."

खोटं माझं होतं. ते बोलायला लावणारा प्रश्न त्यांचा. मी मान हलवली, घरी आलो, उंबराखाली बसलो. गाडग्याकडं वर बघवेना. एकदा शेजारणीवर ढकलून तिचं गाव नाकारलं, आता दुसऱ्यांदा?

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरावरून गाडगं सोडलं, फडक्यात बांधलं, काखेत घेतलं आणि गेटवर गेलो. बाहेर कामासाठी पाच-सहा जण उभे. गेटच्या रजिस्टरात नाव आणि गाव लिहायचं असतं. पहिल्या ओळीत माझं नाव घातलं. पुढं माझं खरं गाव. अक्षर वाकडं आलं. खाली सरूचं नाव. गाव सेलू.

साहेब आले, वाचलं. "मामा, हे काय?"

"मी तिकडचा, साहेब. बायको पण तिकडची. तिला पोचवायला चाललोय. पाचव्या दिवशी ड्युटीवर येतो."

"म्हणजे इतकी वर्षं खोटं बोलून नोकरी केलीत?"

"केली. खरं बोलणाऱ्याला दिली असती का?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं.

"काढायचं तर काढा. तरी येणार. आत नाही घेतलं तर बाहेर उभा राहीन, ह्या लोकांत. पण तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारणार नाही."

मी गेटची कडी काढली. दोन्ही दारं सताड उघडली. बाहेरच्यांना म्हणालो, "जागा आहे. भरलेली नाही. आत जा. गाव विचारलं तर मोठ्यानं सांगा."

गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली. जिथं सरू बसायची तिथं. आणि गाडगं घेऊन स्टेशनकडं चालायला लागलो.