लिंबाच्या खोडाची खुर्ची

आमचे बा गावचे सुतार. नांगर-वखर करून द्यायचे आणि सुगीला बलुत्याची ज्वारी घरी आणायची, हे ते करत. पण त्यात त्यांचा जीव नव्हता. जीव होता वाकड्या लाकडात. खोड जिथं वळलं असेल तिथं करवत बाजूला ठेवून पटाशी घेऊन बसायचे. त्यातून कधी वाऱ्यानं कलल्यासारखा चौरंग निघायचा, कधी पायच नसलेलं बाकडं. आमच्या डोंगरकडा गावात असलं कुणी पाहिलं नव्हतं. लोक हसायचे. बांना त्याचं काहीच नसायचं.

माझ्या लग्नात रुखवतावर ठेवायला त्यांनी कडुलिंबाच्या एकाच खोडातून खुर्ची कोरली. सांधा नाही, खिळा नाही. आई मी लहान असतानाच गेली होती. त्या खुर्चीत बसलं की कुणी मांडीवर घेतल्यासारखं वाटायचं.

रुखवत बघायला कळमनुरीच्या माझ्या नणंदा आल्या आणि पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "ही खुर्ची हाय का बसलेली म्हैस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चटकन बोलून गेले, "ती आमची न्हाई. कुणीतरी ठेवलीय."

बा मागंच उभे होते. त्यांनी खुर्ची उचलून गोठ्यात नेली.

दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरली, कुठंही टेकलं तरी चैन पडेना, तेव्हा ती खुर्ची फार आठवली. खरं तर माफी मागायची होती, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. बाजाराला आलेल्या माहेरच्या गावच्या माणसाजवळ निरोप दिला, माझी खुर्ची पाठवा.

पंधरा दिवसांनी बा स्वतःच बैलगाडीनं आले. गाडीतून उतरवली ती चार पायांची, ताठ पाठीची, कचेरीत असते तशी. लाकूड लिंबाचंच होतं.

"तीच कापून केली," बा म्हणाले. "आता बराबर झाली, माय. आता तुला कुणी हसणार न्हाई. काहून रडून राहिलीस?"

"कंबर दुखून राहिली," मी म्हणाले, आणि त्यांना बसून दाखवलं.

मला पहिलीच हवी होती, हे ऐकून ते खचले असते, म्हणून कधी सांगितलं नाही. निजामाचं राज्य गेलं त्या साली बा गेले. आता वाटतं, सांगायला हवं होतं. खुर्ची आणून दिली त्या दिवसानंतर त्यांनी नांगरच केले. वाकड्या लाकडाला पुन्हा हात लावला नाही.