बाविसाव्या दिवसाची माणसं

अंडी उबवायचं मशीन विकणाऱ्याकडं गिऱ्हाईक एकवीस दिवसांनी परत येतंच. पिल्लं निघाली तर सांगायला, नाही निघाली तर भांडायला! चादरवाल्याचं असं नसतं. चादर नेली की माणूस गेला. माझ्या भवानी पेठेतल्या दुकानात मात्र कोंबड्यांच्या खुराकाच्या पोत्यांपेक्षा किस्स्यांची थप्पी उंच झालीय. त्यातले बाविसाव्या दिवसाचे किस्से सगळ्यात चांगले. एकविसाव्याला पिल्लं निघाली की कुणीही खूश असतो. माणूस कळतो तो बाविसाव्याला.

\*

सुरुवात स्वतःपासून करतो. शाळा माझी नववीपर्यंत. मशीन विकायला आणलं, तेव्हा आधी आपण चालवून बघावं म्हणून तीस अंडी लावली. एकेक अंडं मन लावून सरळ उभं केलं. निमुळतं टोक वर!

बाविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. एकही पिल्लू नाही. खुराक न्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं झाकणातून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मालक, रुंद बाजू वर पायजे की! पिल्लानं काय डोक्यावर उभं ऱ्हायचं व्हय?"

तेव्हापासून मशीनबरोबर हा सल्ला फुकट.

\*

कदम सर, रिटायर्ड गणिताचे मास्तर. त्यांनी मशीन नेलं आणि वही घातली. दर दोन तासाला टेंपरेचर, शेजारी सही. एकविसाव्या दिवशी सकाळी खुर्ची टाकून मशीनसमोर बसले, ते जेवायलासुद्धा उठेनात. मी चौकशीला गेलो तर सरांच्या मिसेस दारातच म्हणाल्या, "आमच्या दोन्ही पोरांच्या वेळी हे परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते. बघा आता!"

बाविसावा उजाडला तरी अंडी गप्प. मी भीतभीत विचारलं, "सर, फेकायची का?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "उशिरा पेपर देणारा नापासच असतो का हो?"

त्या दिवशी संध्याकाळी अकरा पिल्लं निघाली. सरांनी वहीत अकरा वेळा सही केली!

\*

पद्माक्का आमच्याच गल्लीतल्या. घरात माग, घरात तेलुगू, पण भांडण मराठीत. ऐन डिसेंबरात दिवेलागणीला चौकातला डीपी जळाला आणि लाइट गेली. अक्कांनी घरातल्या होत्या तेवढ्या चादरी काढून मशीनवर घातल्या. नेमके त्याच दिवशी गावाहून दीर आलेले. ते बिचारे उपरण्यात कुडकुडत बसले.

मी म्हटलं, "अक्का, एक तरी चादर भावजींना द्या."

"भावजींना थंडी वाजली तर ते बोलून दाखवतील. अंडी कुणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवशी लाइट आली. ती पिल्लं तेविसाव्याला निघाली, पण निघाली. दीर मात्र सकाळच्या पहिल्याच गाडीनं गेले होते.

\*

रफीकभाईंचं चिकनचं दुकान आहे. हात असा जलद की बघत राहावं. एकदा गंमत म्हणून बारा अंडी लावली, आठ निघाली. दोन महिन्यांनी मी विचारलं, "काय भाई, आता दुकानात आणायची ना?"

भाई एकदम गंभीर झाले. "सेठ, दुकान की बात दुकान में. इनकू तो मैंने पैदा किया नं!"

आठच्या आठ अजून त्यांच्या गच्चीवर आहेत. घरात डाळ शिजते, असं ऐकतो.

\*

आणि मल्लव्वाबाई. अक्कलकोटकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. पोटाशी गाठोडं धरून एसटीनं आल्या आणि थेट काउंटरवर सोडलं. नऊ अंडी!

"अप्पा, मुंगसानं कोंबडी नेली. दोन आठवडे बसली हुती. माझ्या लग्नात आईनं एक तलंग कोंबडी दिली, तिच्या पोटची दुसरी, दुसरीच्या पोटची तिसरी, असं चालत आलंय. आईची म्हणून आता एवढीच निशाणी. हे संपलं की संपलं."

गावाकडं लाइटचा भरवसा नाही, म्हणून अंडी माझ्याच दुकानातल्या मशीनमध्ये ठेवली. कदम सरांनी टॉर्च लावून तपासली. सहा बाद, तिनात जीव. बाईंना म्हटलं, "मावशी, तुम्ही घरी जा. निघाली की फोन करतो."

"बाळंतिणीला सोडून जातात व्हय कुठं?"

बाई पद्माक्कांकडं मुक्कामाला राहिल्या. रोज दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर!

एकविसावा गेला, बाविसावा गेला. वाटेत अंडी गार पडली होती, त्यामुळं उशीर होणार हे मला कळत होतं. किती, ते कळत नव्हतं. तेविसाव्याला सरांनी पुन्हा टॉर्च लावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दोन गेली. एक हलतंय."

बाईंनी मशीनजवळ स्टूल ओढलं, झाकणाला तोंड लावलं आणि कोंबडीच्या आवाजात सुरू झाल्या. "कुर्र, कुर्र, कुर्र..." गिऱ्हाइकं येताहेत, हसताहेत, मोबाईल काढताहेत. बाईंना पत्ता नाही. दुकान बंद करेपर्यंत हेच. मी वीस वर्षं दुकानदारी केली, पण एवढ्या लोकांसमोर एवढं न लाजता काम करणारं माणूस बघितलं नाही.

चोविसाव्याला सकाळी बाई कुर्र म्हणाल्या आणि आतून उत्तर आलं. "चिव!"

कवचाला बारीक भोक पडलं. मग सगळं थांबलं. दुपार झाली तरी भोक तेवढंच. बाई, सर, रफीकभाई आणि मी, असे आम्ही चौघं मशीनभोवती. रफीकभाईंना राहवेना. "सेठ, जरा हात लगाऊं? दो मिनिट का काम है."

मल्लव्वाबाईंनी त्यांच्या हातावर फाटकन चापट मारली. "त्याचं दार त्याला उघडू दे!"

भाईंनी हात मागं घेतला. बाई पुन्हा कुर्र कुर्र. चार वाजायच्या सुमाराला भेग गोल फिरली, टोपण उचललं गेलं आणि एक ओलंचिंब, वाकड्या मानेचं पिल्लू बाहेर पडलं. कदम सरांनी सही करायला पेन काढलं आणि चष्माच पुसत बसले.

दोन दिवसांत पिल्लू वाळलं, कणी टिपायला लागलं. बाई निघाल्या. मी भोकं पाडलेला खोका दिला, पद्माक्कांनी आत मऊ टॉवेलचा तुकडा घातला. बाईंनी खोका काखेत मारला आणि पिल्लू खाली सोडलं. "बा, बा," असं कानडीत बोलवत, मधेच कुर्र करत निघाल्या आणि ते बोटभर पिल्लू त्यांच्या टाचेला टाच लावून मागं!

पायरी उतरले, गल्ली ओलांडायला लागले. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या. टेंपोवाला हॉर्नवर हॉर्न मारायला लागला, शेवटी खिडकीतून ओरडला, "ओ आज्जी! खोका हाय की हातात, उचलून घाला त्याला!"

मल्लव्वाबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. पिल्लू मागून येऊन त्यांच्या पायाशी टेकेपर्यंत थांबल्या. मग टेंपोवाल्याकडं वळून म्हणाल्या, "थांब की जरा! आईविना पोर हाय. रस्ता वलांडायला कुणी शिकवायचं?"