बाबांच्या वाक्यांची मोजणी

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा लखनौला आले, ते नोव्हेंबरच्या शेवटी. आम्ही तेव्हा तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत भाड्याने राहत होतो आणि मी एका सरकारी कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. परतीचं तिकीट हातात असल्याशिवाय बाबा यायलाच तयार नव्हते, म्हणून मी अठरा जानेवारीचं काढून ठेवलं होतं. त्यांनी ते घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. त्यांनी आमच्याकडेच राहावं असं मला वाटत होतं. वय एकाहत्तर आणि साताऱ्यात तीन खोल्यांत एकटे. पण इथे त्यांचं मन रमतंय की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. बाबा मुळातच फार कमी बोलायचे.

त्याच डिसेंबरात ऑफिसने आम्हाला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं. विषय होता माणसांचे स्वभावप्रकार. चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म भरायचा, गुण मोजायचे, आणि आपण बोलघेवडे की आतल्या आत राहणारे ते ठरायचं. मला हे पसंत पडलं. स्वभावासारख्या गोष्टीलाही आकडा लावता येतो, हे मला नवीन होतं. घरी येऊन मी ते बायकोला समजावून सांगितलं.

"चाळीस प्रश्न?" ती म्हणाली. "मला विचारायचं. मी सब्जीवाल्याचे पैसे देता देता सांगितलं असतं."

शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट बजावली होती. अबोल माणूस परक्या गावी गेला की आणखी मिटत जातो, घरच्यांनी लक्ष ठेवावं. लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायचं, असा मी अर्थ घेतला. एक वही केली. सकाळ-संध्याकाळ घरात बाबा जी पूर्ण वाक्यं बोलतील ती त्यात मांडायची. नुसतं 'हं' किंवा 'नको' धरायचं नाही. पहिल्या आठवड्यात सरासरी रोजची नऊ आली, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात पाच. आकडे उतरत होते. बाबा इथे सुकत चाललेत, असा मी निष्कर्ष काढला. अठरा तारखेला त्यांना जाऊ द्यावं, आग्रह करू नये, असंही मनाशी ठरवलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती वही बायकोच्या हाती लागली. तिने उभ्याउभ्या सगळी पानं चाळली. माझी पानं कुठे आहेत, असं तिने विचारलं, आणि नसली तर करूही नका, वही पुरायची नाही, असं वर सांगितलं. मग गंभीर होऊन म्हणाली, "अहो, बाबांच्या स्वेटरवर रोज कापूस असतो. त्याचा कॉलम कुठे आहे यात?"

मी कापूस पाहिला नव्हता. बाबा रोज नऊला बाहेर पडतात आणि साडेबाराला परततात, एवढं मला ठाऊक होतं. उन्हात बसत असतील, असं मी धरून चाललो होतो.

दुसरा दिवस शनिवार होता, मला सुट्टी होती. धुकं निवळल्यावर दहाच्या सुमारास मी निघालो. जवळच्या कपूरथला चौकाकडे जाताना एका मोकळ्या प्लॉटवर दर हिवाळ्यात एक रजाईवाला बसायचा. जुना कापूस पिंजून द्यायचा, रजाया भरून शिवायचा. त्याच्यासमोर उलट्या खोक्यावर बाबा बसले होते. गुडघ्यावर कापडाचा तुकडा, त्यात दोरा ओवलेल्या सुया ओळीने टोचलेल्या. मोजल्या, सात होत्या. रजाईवाला साठीचा असेल. एका डोळ्यात फूल पडलेलं. तो शिवत होता आणि बोलत होता. एक दोरा संपला की बाबा दुसरी सुई पुढे करायचे.

मी पाव तास मागे उभा राहून ऐकलं. रजाईवाला धाकट्या मुलीच्या सासरचं सांगत होता. बाबांचं पूर्ण वाक्य एकही नाही. 'हं' मात्र तेवीस. आणि एक 'हं' दुसऱ्यासारखा नव्हता. मुलीला माहेरी पाठवत नाहीत, असं तो म्हणाला तेव्हा बाबांचा दोरा धरलेला हात थांबला आणि 'हं' बऱ्याच वेळाने आला. तिला मुलगा झाला, हे आलं तेव्हा तो लगेच आला, हसऱ्या आवाजात. एवढं मन लावून कोणी माझं ऐकल्याचं मला आठवेना. मग आठवलं. शाळेतून आल्यावर मी जे काही सांगायचो ते बाबा असंच ऐकायचे. त्यांच्या 'हं'वरून मला कळायचं की आपलं चुकलंय की बरोबर आहे.

पुढे जाऊन मी रजाईवाल्याला ओळख सांगितली. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"साहब, धागा तो कोई भी डाल देगा," तो म्हणाला. "सुनता कौन है? घरवाली के बाद यही हैं जो हमारी पूरी बात सुनते हैं."

साडेबाराला बाबा उठले. उरलेल्या सुया त्याच्या हाती दिल्या आणि आम्ही घराकडे निघालो. वाटेत मी विचारलं, त्याचं हिंदी समजतं का.

"निम्मं," बाबा म्हणाले. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "पण तो थांबतो कुठे, ते कळतं."

गेटापाशी आल्यावर मी धीर करून तिकिटाचा विषय काढला. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, घडी माझ्या हातात दिली.

"होळीनंतरचं काढ. त्याचं काम तोवर चालतं."

त्या दिवशी वहीत मांडायला तीनच वाक्यं होती. वही सुरू केल्यापासूनचा तो सगळ्यात कमी आकडा. मी तो लिहिला, कारण लिहायचा होता. सोमवारी ऑफिसला जाण्याआधी आरक्षणाच्या रांगेत उभा राहून तारीख बदलून घेतली. नंतर वही काढली नाही.

कायमचे राहायला बाबा काही तयार झाले नाहीत. मीही पुन्हा विषय काढला नाही. पण पुढच्या नोव्हेंबरात, मी पत्र लिहिण्याआधीच त्यांचं कार्ड आलं की तिकीट काढलंय, येण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही. स्टेशनवरून घरी आल्यावर बायकोने त्यांची पिशवी रिकामी केली. तळाशी गोधडी शिवायच्या सुयांची दोन पाकिटं होती, साताऱ्याहून आणलेली.

तिने माझ्याकडे पाहिलं. बाबा पायमोजे काढत होते.

"त्याच्या आखूड आहेत," ते म्हणाले.