कोरा फळा

अंबडच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर एक जुने कामगार होते. सटाण्याकडचे. आधी हात पुसायचे, मगच बोलायचे.

ज्याची चूक त्यानेच लिहायची, म्हणजे सगळे शिकतील, असं म्हणून साहेबांनी फळा लावला होता. महिनाभर तो कोराच होता. मग एका सकाळी ग्राहकाकडून माप चुकलेला माल परत आला.

"कोणाचं काम हे?" साहेब ओरडले.

निम्मे नग माझे होते, निम्मे शेजारच्या लेथवरचे. मी मान खाली घातली. माझ्या शेजारच्यांनी हात पुसले आणि फळ्यावर लिहिलं, ‘घाईत माप घेतलं नाही.’

"घरी बसायचंय का?" साहेबांनी दरडावलं.

"बसवा, साहेब. पण मंग फळाबी काढा. उद्या कोणी लिहिणार नाय."

मी पुढे झालो आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं, ‘मीसुद्धा.’

दोन्ही ओळी वाचून साहेब म्हणाले, "बरं, घाई का झाली, ते सांगा."