उघडी पडलेली नावं
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की रिठदच्या एक काकू आठवतात. सोयाबीन मोजताना काटा मारणाऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध आमच्या संघटनेने शेतकऱ्यांच्या अंगठ्यानिशी तक्रारी घेतल्या होत्या आणि ते कागद वेबसाइटवर पासवर्डमागे ठेवले होते. त्याच्या धमकीला भिऊन, साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याने आम्हाला हाकललं, तेव्हा रिसोडच्या कॉम्प्युटर सेंटरात बसून मी घाईघाईने साइट नव्या होस्टिंगवर हलवली. सकाळी पाहतो तर पासवर्ड न मागताच सगळी नावं उघडी! नव्या जागी पासवर्ड लावायचा मीच विसरलो होतो. साइट बंद करून रिठदच्या तक्रारदार काकूंना फोन लावला. त्या कुजबुजल्या, "त्याचे दोघं जन आंगनात बसून राह्यले बापा. मी दार लावून घेतलं. माहं नाव त्याईले कोनं सांगतलं?" मी धावत रिठदची जीप गाठली. नंतर व्यापारी चोर आहे, हे मी संघटनेच्या पत्रकात ठणकावून छापलं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून छापलेलं नाही.