मिठाची टाकी

शालन गेली त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेलो. वाटलं, इतक्या वर्षांच्या संसाराचं काहीतरी मनातलं बोलेल. तर बाईसाहेबांनी विचारलं काय, "अहो, मशीनमध्ये मीठ आहे ना?" मी म्हटलं, "आहे गं बाई, तू झोप." तेच आमचं शेवटचं बोलणं...

बाळकुमच्या आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. इतकं जड की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून पाणी मऊ करणारं मशीन गॅलरीत बसवलेलं, आणि त्याचा सगळा कारभार शालनकडे. तिचं माहेर इथल्याच मिठागरवाल्यांचं. तिला मिठाचं कोण शिकवणार! हे मशीन अधूनमधून बाजूच्या मिठाच्या टाकीतलं खारं पाणी ओढून स्वतःला धुऊन घेतं आणि पुन्हा कामाला लागतं. त्यासाठी मिठाच्या गोळ्या मिळतात, पण तिनं त्यांना कधी हात लावला नाही. "हे कसलं मीठ, ही तर औषधं," म्हणायची आणि कल्याणच्या बाजारातून खडेमीठ आणायची. पावसाळ्यात तर टाकीत लाटणं घालून ढवळत बसायची. मी चिडवायचो, "काय गं, लोणचं घातलंयस का?" मान वर न करता म्हणायची, "तुम्हालाच घालीन आत."

तिचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मी पहिलं काम काय केलं, तर टाकी काठोकाठ भरली. तिनं विचारलेलं ना! रोज झाकण उघडून बघायचो, मीठ तसंच गच्च. बरं वाटायचं. इकडे डाळ मात्र शिजेना. मशीन वेळेवर घरघरायचं, पण पाणी जडच्या जड. मेकॅनिक आला, बटणं दाबून बघितली, म्हणाला, "काका, मशीन गेलं. नवीन बसवा." शीळफाट्याला राहणारी आमची मुलगी मेधा निमित्तच शोधत होती. "बाबा, धड पाणी नाही, जेवणाचे हाल. रविवारी गाडी घेऊन येते, फ्लॅट बंद करू." शालनच्या घराला कुलूप लावायचं... माझा जीवच होईना. म्हटलं, "मशीन चाललं तर राहीन. नाही चाललं तर येतो."

शनिवारी दुपारी टाकीपुढे बसलो आणि चिडून त्या मिठावर लाटणं आपटलं. आवाज पोकळ! आणखी दोन-चार दणके दिले, तसा वरचा थर फुटून धपकन खाली कोसळला. खाली काहीच नव्हतं. दमट हवेनं वरचं मीठ दगडासारखं धरलेलं, आणि तळाच्या पाण्याला ते शिवतच नव्हतं. मशीन बिचारं नुसतं साधं पाणी ओढत होतं. शालन ढवळत बसायची ती यासाठी होय! ढेकळं फोडली, पाणी ओतलं, ते चांगलं खारट होऊ दिलं आणि बटण दाबून धरलं. घर्र झालं, टाकीतलं पाणी हळूहळू खाली जायला लागलं. मी लहान मुलासारखा ओरडलो, "शालन, चाललं बघ!"

मेधाला फोन लावला. "येऊ नकोस गं उद्या. झालं चालू."

ती म्हणाली, "नक्की ना बाबा? एकटे राहाल?"

"राहीन की. मला काय धाड भरलीये!"

फोन ठेवला. मशीनचंही धुऊन झालेलं, घरात कसलाच आवाज नव्हता. घर राहिलं होतं, माझा हट्ट पुरा झाला होता. रविवारी आता कोणी येणार नव्हतं. शालन गेली तेव्हासुद्धा मी रडलो नव्हतो. त्या दुपारी मात्र गॅलरीत खाली बसून हमसून हमसून रडलो.